दगड पाण्यात घालून

टीव्ही गेला तो गेलाच.
दुरुस्तीला साडेचार हजार सांगितले,
त्यात थोडे घालून मी काचेची टाकी आणली.
थोडे म्हणजे किती, ते घरात कुणी विचारलेलं नाही
आणि मी गुळणी धरून आहे.

पाथर्डी फाटा, तिसरा मजला.
दोनशे लिटर पाणी, शिवाय वाळू, शिवाय दगड.
खालचे खैरनार वर आले, फरशीवर टाच आपटून पाहिली,
म्हणाले, समुद्रच पाहिजे तर दिवेआगरला जाऊन या ना, ताई.
जाता जाता म्हणाले, मीठ कशाला एवढं महागाचं घेता,
आमच्याकडे लोणच्याचं खडेमीठ पडलंय.

धरणाचं पाणी आरओतून थेंब थेंब,
तीन रात्री बादल्या.
आधी ते अगदी कोरं करायचं,
मग पाकिटातला समुद्र त्यात ढवळायचा
वरणाच्या डावाने.
तो डाव आता वरणाला चालत नाही.

त्र्यंबकला उगवते तेव्हा गोदावरीला
पश्चिमेचा समुद्र हाकेच्या अंतरावर असतो.
तरी ती पाठ फिरवते, पूर्वेला निघते,
अख्खं पठार तुडवत जाते खारी व्हायला.
आणि मी तिचंच पाणी
हॉलमध्ये, रविवारी, दुपारच्या आत.

मग काहीच नाही.
दगड, पाणी, वर निळा दिवा.
पाहुणे वाकून बघतात, मासे कुठायत?
रत्नाकर म्हणाला, लोक देव पाण्यात घालून बसतात,
तू दगड घालून बसलीस.

दिवसभर लॅबमध्ये लोकांची रक्तं, लोकांच्या लघव्या,
संध्याकाळी घरी पुन्हा परीक्षानळी.
पाच थेंब, हलवा, थांबा, रंग जुळवा.
पिवळा हवा, हिरवा येतो.
ज्या जिवाणूंना मी काचपट्टीवर
गुन्हेगारासारखी शोधते,
त्यांच्याच एका चुलत घराण्याची
इथे वाट बघते,
या, दगडात राहायला या, भाडं नाही.

अकराव्या दिवशी राहवलं नाही.
द्वारकेचे अश्पाकभाई थांबा म्हणाले होते,
म्हणून दुसऱ्या दुकानातून आणला.
निळा, शेपटीला पिवळा, अंगठ्याएवढा.
रिपोर्ट माझ्या हातात होता, हिरवागार.
पेशंट जे स्वतःला सांगतात तेच मी सांगितलं,
बघू.
चौथ्या सकाळी तो पंपाच्या जाळीला चिकटलेला.

मोगऱ्याच्या कुंडीत पुरायला निघाले
तर रत्नाकर म्हणाला, झाड जळेल, खार आहे अंगाला.
मग त्याला दोनदा गोड्या पाण्यात धुतलं.
मेल्यावर.

त्यानंतर वाळूवर तपकिरी साय आली,
मग काचेवर हिरवं.
चार गोगलगायी आणल्या, त्या अजून सावकाश.
एक्केचाळिसाव्या दिवशी नळी पिवळी.
मी ती खिडकीत धरली, ट्यूबलाइटखाली धरली,
रत्नाकरला उठवून त्याच्याकडून वाचून घेतली.

अश्पाकभाईंनी जोडी दिली, केशरी, पांढऱ्या पट्ट्यांची.
पिशवीतून थेट सोडायची नसते.
लॅबमधून सलाइनची नळी आणली होती,
मिनिटाला तीस थेंब, दीड तास,
मी स्टुलावर बसून राहिले
आयसीयूबाहेर बसतात तशी.

मे महिन्यात पाणी रोज बोटभर खाली जातं.
उडतं ते फक्त पाणी, मीठ तिथंच राहतं,
म्हणून भर घालायची ती गोड्याचीच.
हे मला उशिरा कळलं.

परवा रात्री फाट्यापर्यंत लाइट गेली.
पंप थांबला आणि घर इतकं गप्प झालं
की मी झोपेतून उठले.
मग मग घेतला. भरायचा, उंचावरून सोडायचा,
भरायचा, सोडायचा,
मासे कोपऱ्यात, तोंड वर करून.
पाऊण तासाने दारावर थाप.
खैरनार, बनियनवर, हातात बॅटरी,
पाणी गळतंय का हो वरून?
मी काही बोलले नाही, हात थांबवता येत नव्हता.
ते बघत उभे राहिले.
मग बॅटरी रत्नाकरकडे दिली,
द्या म्हणाले, आणि माझ्या हातातून मग घेतला.

बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज.
मध्येच त्यांनी ओलं बोट जिभेला लावलं.
म्हणाले, खरंच खारट आहे हो.